सिलिकॉनच्या पातळ थराला स्फटिकीकरणाच्या वेळी फोड येणे आणि त्याचे पोपडे निघणे: कारणांचा शोध व निवारण

काचेवर पीईसीव्हीडी पद्धतीने, म्हणजे प्लाझ्माच्या साहाय्याने वायूचे विघटन करून, बसवलेला अमॉर्फस (अणूंची नियमित मांडणी नसलेल्या) सिलिकॉनचा थर चेंबरमधून बाहेर येतो तेव्हा सलग आणि चकचकीत असतो. तोच थर स्फटिकीय करण्यासाठी फर्नेसमध्ये ६०० °से.पर्यंत तापवला किंवा त्यावर एक्सायमर (अतिनील प्रकाशाच्या) लेझरचे स्पंद सोडले, की सूक्ष्मदर्शकाखाली गोल फोड दिसू लागतात. त्यांतले काही फुटलेले असतात, फुटलेल्या जागी खालची काच उघडी पडलेली असते, आणि परिस्थिती अधिक बिघडलेली असेल तर थराचे पोपडे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. ट्रान्झिस्टरसाठी असा थर निरुपयोगी ठरतो, कारण त्यावर बसवायचा गेट इन्सुलेटर छिद्राच्या कडेवर नीट चढत नाही आणि विद्युतप्रवाहाची गळती नेमकी तेथून सुरू होते.

हा दोष चिवट आहे. रेसिपीत थोडा फेरफार केला की काही काळ काम सुरळीत चालते. मग थराची जाडी वाढवली जाते, काचेचा नवा प्रकार येतो किंवा हीटर बदलला जातो, आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. याचे कारण असे, की बहुतेक ठिकाणी दुरुस्ती लेझरच्या किंवा फर्नेसच्या टप्प्यावर केली जाते, तर दोषाचे मूळ त्याआधीच, थर बसत असतानाच, त्याच्या आत शिरलेले असते. ते मूळ बहुतांश वेळा हायड्रोजन हेच असते. ताण आणि अस्वच्छ पृष्ठभाग ही कारणेही खरी आहेत, परंतु ती ओळखण्याआधी हायड्रोजनचा हिशेब लावणे आवश्यक आहे.

थरात नेमके काय साठलेले असते

सिलेन या सिलिकॉन-हायड्रोजनच्या संयुगाच्या वायूपासून २०० ते २५० °से. तापमानाला बसवलेल्या अमॉर्फस सिलिकॉनमध्ये साधारणपणे १० टक्के अणू हायड्रोजनचे असतात. हा हायड्रोजन सिलिकॉनचे अपुरे राहिलेले बंध भरून काढतो, आणि त्यामुळेच १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लकोम्बर या संशोधकांना अमॉर्फस सिलिकॉनचे डोपिंग, म्हणजे ठरावीक अशुद्धी मिसळून त्याची वाहकता बदलणे, करून दाखवता आले. अमॉर्फस सोलर सेल किंवा अमॉर्फस ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यासाठी तो आवश्यकच असतो. ज्याला हाच थर पुढे स्फटिकीय करायचा आहे, त्याच्यासाठी मात्र तो आधी बाहेर काढण्याची गोष्ट ठरतो.

त्याचे प्रमाण किती मोठे आहे हे आकड्यांत पाहिले म्हणजे फोड का येतात ते लगेच लक्षात येते. एका घन सेंटिमीटर सिलिकॉनमध्ये सुमारे ५ × १०²² अणू असतात. त्याच्या १० टक्के म्हणजे ५ × १०²¹ हायड्रोजन अणू, म्हणजेच त्याच्या निम्मे रेणू. हे सर्व रेणू वायुरूपात खोलीच्या तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला मोकळे केले, तर त्यांचे आकारमान थराच्या स्वतःच्या आकारमानाच्या जवळपास १०० पट भरते. ५० नॅनोमीटर जाडीच्या थरात सुमारे ५ मायक्रोमीटर उंचीचा वायूचा स्तंभ दडलेला असतो, असे म्हणता येईल. गरम तव्यावर टाकलेल्या पापडातले पाणी वाफ होऊन बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे जसा फोड आणते, तसेच येथे घडते.

हायड्रोजनला बाहेर पडायला किती वेळ मिळतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ३०८ नॅनोमीटरच्या झेनॉन क्लोराइड लेझरचा स्पंद २० ते ३० नॅनोसेकंदांचा असतो, आणि त्याची ऊर्जा थराच्या वरच्या दहाएक नॅनोमीटरमध्येच शोषली जाते. इतक्या अल्प काळात हायड्रोजन अणू घन थरातून सरकत पृष्ठभागापर्यंत पोहोचूच शकत नाहीत. ते आहेत तेथेच रेणू बनवतात, दाब वाढतो आणि वितळू लागलेला थर अक्षरशः उडतो. फर्नेसमध्ये वेळ भरपूर असतो, तरीही तापमान फार भरभर चढवले तर परिणाम त्याच दिशेने जातो.

फोड कधी आला, हे आधी ठरवावे

निदानाची सुरुवात दोष कोणत्या टप्प्यावर प्रथम दिसला या प्रश्नापासून करावी. हे सांगणे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात सर्व टप्पे पार पडल्यानंतरच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला जातो आणि मग अंदाजांचा खेळ सुरू होतो. चेंबरमधून काढल्यावर, हायड्रोजन काढण्याच्या तापनानंतर आणि स्फटिकीकरणानंतर अशा तीन वेळी त्याच नमुन्याच्या त्याच जागेची डार्क-फील्ड (पार्श्वभूमी काळी ठेवून दोष उजळ दाखवणाऱ्या) प्रकाशात छायाचित्रे घेतली, तर निम्मे उत्तर तेथेच मिळते.

चेंबरमधून बाहेर आल्याबरोबर किंवा त्यानंतर काही तासांत थर सुटत असेल, तर हायड्रोजन वायूचा स्फोट हे कारण नव्हे. तेथे ताण आणि चिकटपणा यांकडे पाहावे. पीईसीव्हीडीचा थर बहुधा दाबाच्या ताणाखाली असतो, आणि असा थर सुटताना नागमोडी, गुंडाळलेल्या दोरीसारख्या सुरकुत्या उमटतात. याउलट थर ओढला जात असेल तर त्याला सरळ, एकमेकींना काटकोनात भेटणाऱ्या चिरा पडतात. गोल फोड, नागमोडी सुरकुत्या आणि सरळ चिरा या तीन आकृत्या वेगळ्या ओळखता येणे हे या कामातले सर्वांत उपयोगी कौशल्य आहे, आणि त्यासाठी साध्या सूक्ष्मदर्शकाहून अधिक काही लागत नाही.

फर्नेसमध्ये ३०० ते ४०० °से.च्या दरम्यानच फोड दिसू लागले, तर थर सच्छिद्र आहे असे समजावे. पोकळ्यांनी भरलेल्या थरातून हायड्रोजन कमी तापमानाला सुटतो, तर घट्ट थरातून तो मुख्यतः ५०० °से.च्या पुढे बाहेर पडतो. फर्नेस किंवा निर्वात चेंबरला उर्वरित-वायू विश्लेषक (आतले वायू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे उपकरण) जोडलेला असेल, तर तापमान सावकाश चढवताना वस्तुमान २ चा, म्हणजे हायड्रोजन रेणूचा, संकेत नोंदवून ठेवावा. त्याचे शिखर कोणत्या तापमानाला येते यावरून थराची जडणघडण कळते.

लेझरखाली थर उडत असेल, तर एकाच नमुन्यावर शेजारीशेजारी वाढत्या ऊर्जाघनतेचे चौकोन मारून शिडी तयार करावी. ५० नॅनोमीटर जाडीचा, हायड्रोजन नीट काढलेला थर दर चौरस सेंटिमीटरला ३०० ते ४०० मिलिजूलपर्यंतची ऊर्जा सहन करतो, आणि मोठे स्फटिककणही याच पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ, थर जवळजवळ पूर्ण वितळण्याच्या स्थितीत, मिळतात. नमुना जर १५० ते २०० मिलिजूललाच उडू लागला, तर लेझरमध्ये दोष शोधत बसू नये. उलट कमी ऊर्जेला थर शाबूत राहतो आणि फार वरच्या ऊर्जेला तो गोलसर थेंबांत गोळा होऊन मागे सरतो, असे दिसले तर तो अतितापनाचा प्रकार आहे. तेथे छिद्रांच्या कडा वितळून गोल झालेल्या असतात, हायड्रोजनने उडवलेल्या छिद्रांच्या कडा मात्र फाटलेल्या असतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. लेझरची ऊर्जा कमी करून फोड थांबवणे हा उपाय नव्हे. त्याने थर टिकतो, पण तो अर्धवटच वितळतो, स्फटिककण अगदी लहान राहतात आणि मोबिलिटी (विद्युतभारवाहकांची चपळता) इतकी खाली येते की स्फटिकीकरणाचा सारा खटाटोप व्यर्थ जातो. चित्र स्वच्छ दिसते म्हणून अशा रेसिपी वर्षानुवर्षे वापरात राहतात, हे मला अतिशय खटकते.

हायड्रोजन मोजावा, गृहीत धरू नये

मोजण्यासाठी एफटीआयआर, म्हणजे थर अवरक्त प्रकाश कोठे शोषतो हे दाखवणारे वर्णपटमापन, पुरेसे आहे, परंतु त्यासाठी काचेवरचा नमुना चालत नाही. ज्या भागात सिलिकॉन-हायड्रोजन बंधाचा ६४० प्रति सेंटिमीटर (तरंगसंख्येचे एकक) चा शोषण-पट्टा असतो, तेथे काच प्रकाश पूर्णपणे अडवते. म्हणून प्रत्येक वेळी काचेशेजारी दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेल्या, उच्च रोधकतेच्या सिलिकॉन वेफरचा एक तुकडा ठेवावा. ६४० च्या पट्ट्याच्या क्षेत्रफळावरून एकूण हायड्रोजन काढता येतो. त्यासाठीचा गुणक काही संशोधक १.६ × १०¹⁹ तर काही २.१ × १०¹⁹ प्रति चौरस सेंटिमीटर असा घेतात, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे ताडून पाहण्याआधी दोघांनी कोणता गुणक वापरला आहे हे विचारणे इष्ट. दुसरा महत्त्वाचा भाग २००० ते २१०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास असतो. २००० जवळचे शिखर घट्ट थरातल्या एकेकट्या बंधांचे असते, तर २१०० जवळचे शिखर पोकळ्यांच्या आतल्या पृष्ठभागांवर बसलेल्या हायड्रोजनचे असते. २१०० चे शिखर ठळक असेल, तर एकूण हायड्रोजन फार नसला तरी फोड येण्याची शक्यता मोठी आहे असे मानावे. असा सच्छिद्र थर काही दिवस हवेत ठेवून पुन्हा मोजला, तर १००० ते ११०० च्या भागात सिलिकॉन-ऑक्सिजनचा पट्टाही वाढलेला दिसतो, आणि आत शिरलेला हा ऑक्सिजन पुढे स्फटिकीकरणाचा वेग मंदावतो.

लेझरसाठी हायड्रोजन २ ते ३ टक्क्यांच्या खाली आणावा. त्यापेक्षा अधिक असेल तर लेझरची शिडी मारण्यातही अर्थ नाही.

मुख्य उपाय: सावकाश तापवणे

प्रचलित उपाय म्हणजे ४०० ते ४५० °से.ला नायट्रोजनमध्ये एक ते दोन तास तापवणे. ५० नॅनोमीटरच्या थराला हे सहसा पुरते. खरी गफलत जाडी वाढवल्यावर होते, कारण हायड्रोजन बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० नॅनोमीटरऐवजी ५०० नॅनोमीटरचा थर घेतला तर जाडी १० पट होते आणि वेळ १०० पट लागतो. जी रेसिपी पातळ थरावर निर्दोष चालत होती, ती जाड थराच्या खालच्या भागाला स्पर्शही करत नाही. सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या पॅसिफिक सोलरने आणि पुढे जर्मनीतील सीएसजी सोलरने काचेवरच्या स्फटिकीय सिलिकॉनचे सोलर सेल बनवले, तेव्हा त्यांच्या थराची जाडी दीड मायक्रोमीटरच्या आसपास होती. इतक्या जाडीला सावकाश तापवण्याला पर्याय उरत नाही.

तापमान चढवण्याचा वेग मिनिटाला १ ते ५ अंशांच्या दरम्यान ठेवावा, आणि एफटीआयआर किंवा विश्लेषकावरून थर सच्छिद्र असल्याचे दिसले असेल तर ३०० आणि ३५० °से.ला प्रत्येकी काही काळ थांबून मगच पुढे जावे. आरटीए (अतिजलद तापनाच्या) भट्टीत सेकंदाला दहा-वीस अंश चढवून हायड्रोजन काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. थरावर सिलिकॉन नायट्राइडचे किंवा ऑक्साइडचे आवरण चढवायचे असेल तर ते हायड्रोजन काढल्यानंतरच चढवावे. दाट नायट्राइड हायड्रोजनची वाट अडवते आणि मग फोड आवरणासकट उठतात.

दोष परत परत येण्याचे जे कारण सर्वांत अधिक वेळा नजरेतून सुटते, ते तापमानाच्या मापनात असते. पडद्यावर दिसणारे तापमान हीटरच्या ठोकळ्यातल्या थर्मोकपलचे असते. निर्वातात काच आणि हीटर यांच्यातला स्पर्श मोजक्याच बिंदूंवर होत असल्यामुळे काचेचे खरे तापमान त्यापेक्षा पुष्कळच खाली, कधी ५० अंशांहूनही खाली, असू शकते. २५० °से.ला बसवला असे वहीत लिहिलेला थर प्रत्यक्षात २०० च्या खाली बसलेला असेल, तर त्यात हायड्रोजन अधिक आणि पोकळ्याही अधिक असणार हे उघड आहे. काचेची जाडी बदलली, होल्डर वाकला, हीटर नवा बसवला, की हा फरक बदलतो आणि तीच रेसिपी वेगळा थर देऊ लागते. म्हणून अशा प्रत्येक बदलानंतर काचेच्या तुकड्यावरच थर्मोकपल चिकटवून खरे तापमान एकदा मोजून घ्यावे. शोधनिबंधांतही बहुधा हीटरचेच तापमान दिलेले असते, त्यामुळे इतरांचा आकडा जसाच्या तसा उचलताना हा फरक ध्यानात ठेवावा.

हायड्रोजन थराखालूनही येतो

काचेतले सोडियम आणि इतर अशुद्धी वर येऊ नयेत म्हणून सिलिकॉनखाली नायट्राइडचा आणि त्यावर ऑक्साइडचा थर देण्याची पद्धत आहे. पीईसीव्हीडीने बसवलेल्या नायट्राइडमध्ये स्वतःचा हायड्रोजन मोठ्या प्रमाणात असतो, कित्येकदा सिलिकॉनमध्ये असतो त्याहूनही जास्त. तो सिलिकॉनमधल्यापेक्षा घट्ट धरून ठेवलेला असल्यामुळे ४५० °से.ला सगळा बाहेर पडत नाही, ६०० °से.च्या दीर्घ तापनात मात्र तो हळूहळू सुटतो आणि सिलिकॉनच्या खालच्या पृष्ठभागाशी जमा होतो. वेफरच्या तुकड्यावर थेट बसवलेला सिलिकॉन निर्दोष राहतो आणि काचेवरच्या संपूर्ण रचनेत मात्र फोड येतात, असे दिसले तर संशय येथे घ्यावा. नायट्राइड अधिक तापमानाला बसवणे, त्याची जाडी आवश्यक तेवढीच ठेवणे आणि सिलिकॉन बसवण्याआधी खालचे थर स्वतंत्रपणे तापवून घेणे, या तिन्हींचा उपयोग होतो.

स्पटरिंगने (आर्गॉनच्या आयनांनी सिलिकॉनच्या लक्ष्यावर मारा करून) बसवलेल्या थरात हायड्रोजन नसतो म्हणून तो सुरक्षित आहे, हा समजही पूर्ण खरा नाही. त्यात आर्गॉन अडकलेला असतो आणि लेझरखाली तोही तसाच फुटतो.

ताण आणि पृष्ठभाग

हायड्रोजन निघून गेल्यावर थर आकसतो, आणि दाबाखाली असलेला थर आता ओढला जाऊ लागतो. पुढे स्फटिकीकरणात तो आणखी आकसतो, कारण अमॉर्फस सिलिकॉनची घनता स्फटिकीय सिलिकॉनपेक्षा सुमारे १.८ टक्क्यांनी कमी असते. त्यात काचेच्या प्रसरणाची भर पडते. सिलिकॉनचा प्रसरण गुणांक दर अंशाला दशलक्षात २.६, डिस्प्लेसाठी वापरल्या जाणाऱ्या कॉर्निंग ईगल एक्सजी काचेचा सुमारे ३.२, साध्या सोडा-लाइम काचेचा ९ च्या आसपास आणि क्वार्ट्झसारख्या फ्यूज्ड सिलिकाचा अवघा ०.५५ असतो. म्हणजे फ्यूज्ड सिलिकावर थंड होताना सिलिकॉन ओढला जातो, तर सोडा-लाइमवर तो दाबला जातो. शिवाय सोडा-लाइम काच ६०० °से.ला टिकतच नाही. ईगल एक्सजीचा स्ट्रेन पॉइंट (ज्याच्या खाली काच व्यवहारतः आकार बदलत नाही ते तापमान) ६६९ °से. आहे, म्हणून ६०० चे तापन तिच्यावर शक्य होते. थर सुटण्यामागची ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या आणि जाडीच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जाडी कमी करून दोष थांबत असेल तर कारण ताण असल्याचा तो भक्कम पुरावा आहे, असे पुष्कळांना वाटते. ते अपुरे आहे, कारण जाडी कमी केल्याने हायड्रोजनही लवकर निघतो. दोन्ही वेगळे करण्यासाठी जाडी तीच ठेवून हायड्रोजन काढण्याचा वेळ वाढवावा. तरीही चिरा पडत असतील तर प्रश्न ताणाचा आहे. स्फटिकीय थरातला ताण रामन वर्णपटातही (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून अणूंची कंपने मोजणाऱ्या वर्णपटात) दिसतो: ताणरहित सिलिकॉनचे शिखर ५२० प्रति सेंटिमीटरच्या जवळ असते आणि ओढल्या गेलेल्या थरात ते खाली सरकते. अतिसूक्ष्म स्फटिककणांमुळेही ते खाली सरकते, म्हणून शिखराची रुंदी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पृष्ठभागाच्या अस्वच्छतेने येणारे दोष ओळखणे त्यामानाने सोपे आहे. ते काचेच्या एखाद्या कोपऱ्यात, पकडीच्या खुणेजवळ किंवा पुसण्याच्या दिशेने रांगेत येतात, तर हायड्रोजनचे फोड एकसारखे पसरलेले असतात. धुण्याची पद्धत, शेवटचे विआयनित पाणी आणि सुकवणे यांवर लक्ष दिले म्हणजे हा प्रश्न बहुधा सुटतो.

काच इतकी तापवणे शक्यच नसेल तर

प्लास्टिकच्या सब्सट्रेटवर ४५० °से.चा मार्ग बंद असतो. तेथे हायड्रोजन लेझरनेच काढता येतो: सुरुवात थर वितळण्याच्या मर्यादेखालच्या ऊर्जेने करावी आणि त्याच जागेवर ती पायरीपायरीने वाढवत न्यावी, म्हणजे प्रत्येक पायरीला थोडाथोडा हायड्रोजन बाहेर पडतो आणि शेवटच्या पूर्ण ऊर्जेच्या स्पंदाला थर तयार असतो. याला वेळ लागतो आणि पायऱ्या प्रत्येक जाडीसाठी नव्याने ठरवाव्या लागतात, परंतु पद्धत भरवशाची आहे.

नव्याने यंत्रणा उभी करणाऱ्यांनी मुळातच कमी हायड्रोजनचा थर देणाऱ्या पद्धतीचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एलपीसीव्हीडीने, म्हणजे प्लाझ्माशिवाय, कमी दाबाखाली केवळ उष्णतेने वायूचे विघटन करून, ५५० °से.च्या आसपास बसवलेल्या अमॉर्फस थरात हायड्रोजन नगण्य असतो. हॉट-वायर सीव्हीडीमध्ये सिलेनचे विघटन साधारण १६०० ते २००० °से.ला तापवलेल्या टंगस्टन किंवा टँटलमच्या तारेवर होते, आणि तिने १ ते ३ टक्के हायड्रोजनचे चांगले थर मिळू शकतात. आयआयटी मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे या पद्धतीवर दीर्घकाळ काम झालेले असल्याने आपल्याकडे तिचा अनुभव उपलब्ध आहे. पीईसीव्हीडीच वापरायची असेल तर काचेचे खरे तापमान ३५० °से. किंवा त्यापुढे न्यावे आणि प्लाझ्माची शक्ती कमी ठेवावी. बसण्याचा वेग घटतो, पण थर घट्ट येतो. या सर्व बदलांत सिलेनची वाहिनी उघडावी लागत असेल, तर ती नायट्रोजनने वारंवार धुऊन घेतल्याशिवाय हात लावू नये, कारण सिलेन हवेत आपोआप पेट घेतो.

स्फटिकीकरण यशस्वी झाल्यानंतर स्फटिककणांमधल्या सीमांवरचे अपुरे बंध भरण्यासाठी हायड्रोजन पुन्हा द्यावा लागतो, बहुधा ३०० ते ४०० °से.ला हायड्रोजन प्लाझ्माने किंवा वरच्या नायट्राइडमधून. या वेळी लागणारे प्रमाण अत्यल्प असते आणि थर आता स्फटिकीय असतो, त्यामुळे फोड सहसा येत नाहीत. तरीही ते आलेच, तर हायड्रोजन थर आणि ऑक्साइड यांच्या सीमेवर जमा होत आहे असे समजावे. प्लाझ्माचा वेळ निम्म्यावर आणावा आणि नमुना प्लाझ्मा बंद करण्याआधी नव्हे, तर बंद केल्यानंतर त्याच तापमानाला काही मिनिटे ठेवून मग थंड करावा.